टेक्स्चर कार्डावर भगवा फुटतोय: ड्रम गेले, की ट्रान्सफरचा घोळ?

शनिवारपेठ_प्रेस

मंडळांच्या अहवालांची कामं अंगावर आहेत आणि मुखपृष्ठ काही नीट निघत नाही. मशीन रंगीत लेझर, टोनरच्या पुडीवर चालणारी. चार ड्रम (रंगागणिक एक, चित्र आधी त्यावर उमटतं), बेल्टवाली (ड्रमवरचं चित्र आधी बेल्टवर येतं, मग कागदावर). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कागद २५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) लिनन टेक्स्चर, म्हणजे कापडासारखी वीण उठलेला, आकार एसआरए३. पुढे पूर्ण भगवी जमीन (मॅजेंटा ६०, यलो १००), मागे मरून (मॅजेंटा १००, यलो १००, ब्लॅक ४०).

भगव्यात लिननच्या विणीबरहुकूम बारीक पांढरे ठिपके पडतात. मरून रवाळ दिसतो. दुसऱ्या बाजूला ढगासारखे फिके चट्टे. सकाळचा पहिला तास सगळ्यात वाईट, एसी लावून तीन-चार तास झाले की जरा सुधारतं. तीच फाइल १३० जीएसएम आर्ट पेपरचं ताजं पाकीट फोडून टाकली तर एकदम स्वच्छ. सकाळी खोलीतली आर्द्रता ८४ टक्के होती. डेन्सिटी (टोनरचा थर) दोन घरं वाढवून पाहिली, मरून आणखीच बिघडला.

सर्व्हिसवाले म्हणतात चारही ड्रम आणि बेल्ट बदला. ड्रम खराब असतील तर आर्ट पेपरवर चांगलं कसं निघतं, हे मला कळत नाही. आणि टेक्स्चर कागदावर इतकी वर्षं सगळेच छापतायत, तर यावर कुणी काही शोधून काढलेलं नाही का?

---

मेगाओहम

ड्रमची ऑर्डर आज देऊ नका. आधी तीन गोष्टी तपासा, खर्च शून्य.

एक. पट्टी लावून दोषांमधलं अंतर मोजा. ड्रमवर ओरखडा किंवा डाग असेल तर तो ड्रमच्या प्रत्येक फेऱ्याला कागदावर उमटतो. ३० मिमी व्यासाच्या ड्रमला ते अंतर ९४ मिमी येतं, ४० मिमीच्या ड्रमला साधारण १२६. तुमचे ठिपके विणीप्रमाणे पडतायत, म्हणजे ते कागद ठरवतोय. ड्रमला तुमच्या लिननची वीण माहीत नसते.

दोन. चार रंगांचे चार वेगवेगळे पट्टे, प्रत्येकी १०० टक्के, त्याच लिननवर काढा. एकच रंग फुटत असेल तर त्या रंगाचा ड्रम किंवा डेव्हलपर (ड्रमवर टोनर चढवणारा भाग) बघायचा. चारही सारखेच फुटत असतील तर बिघाड चौघांच्या सामाईक जागेत आहे, म्हणजे बेल्टवरून कागदावर चित्र उतरतं तिथे. त्या जागेला सेकंडरी ट्रान्सफर म्हणतात.

तीन, आणि हीच खरी परीक्षा. मरूनची प्रिंट द्या आणि कागदाचं पुढचं टोक ट्रान्सफर रोलर ओलांडून गेलं की पुढचं दार उघडा. मशीन जागच्या जागी थांबेल. मेन स्विच बंद करा, फ्यूझरकडे (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाकडे) हात नेऊ नका, खोलीतले दिवे मंद ठेवा आणि दोन-तीन मिनिटांत काम उरका, कारण ड्रमला उजेड चालत नाही. आता बेल्ट दोन जागी बघा. रोलरच्या अलीकडे, जिथे चित्र अजून कागदाला भेटलेलं नाही, तिथे मरून भरीव आणि सलग असेल तर ड्रम, लेझर, डेव्हलपर आणि बेल्टवर पहिल्यांदा चढणारं चित्र, सगळे निर्दोष सुटले. रोलरच्या पलीकडे बेल्टवर किती टोनर मागे राहिलाय ते बघा. चांगल्या ट्रान्सफरमध्ये तिथे पुसट सावली उरते. विणीची जाळी स्पष्ट दिसत असेल तर चोर सापडला.

बेल्टला बोट लावू नका. सांडलेला टोनर तोंडाने फुंकू नका, आणि घरातल्या व्हॅक्युमने तर मुळीच ओढू नका. पूड इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून आरपार जाते.

डेन्सिटी वाढवून बिघडलं ते बरोबरच आहे. मरूनमध्ये टोनरची बेरीज २४० टक्के. थर जाड, म्हणजे त्यातला एकूण विद्युतभारही जास्त, आणि तो सगळा ओढून घ्यायला लागणारा करंटही जास्त. ट्रान्सफर आधीच धापा टाकतोय आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर आणखी एक पोतं ठेवलंत.

---

कोरोनावायर

(नाव साथीच्या आधीपासून आहे, हसू नका.)

मेगाओहम यांनी तपासणी सांगितली, मी कारण सांगतो. कुणी काही शोधलंय का या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे साहाय्यक ऑटो कोर्नेई यांनी पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी सुती रुमालाने घासून भारित केली, वर शाईने तारीख आणि गावाचं नाव लिहिलेली काच ठेवून दिव्याचा उजेड पाडला, लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पूड भुरभुरवली, जादा पूड फुंकून टाकली. उरलेली अक्षरं मेणकागद दाबून उचलली आणि कागद गरम करून पक्की केली. म्हणजे तेव्हाचं ट्रान्सफर चिकटपणावर चालत होतं, विजेचा त्यात काही संबंध नव्हता. कार्लसनना पेटंट मिळालं ६ ऑक्टोबर १९४२ रोजी, क्रमांक २,२९७,६९१.

मेणकागदावर ऑफिस चालत नाही, साधा कागद हवा. ओहायोच्या बॅटेल या संशोधन संस्थेत रोलंड शॅफर्ट यांच्या गटाने त्यावर जो उपाय काढला तो आजही तुमच्या मशीनमध्ये आहे: कागदाच्या पाठीवर टोनरच्या उलट भार द्यायचा आणि पूड कागदाकडे ओढून घ्यायची. १९५९ च्या झेरॉक्स ९१४ या कॉपी मशीनमध्ये हे काम उच्च व्होल्टेजची बारीक तार, म्हणजे कोरोना वायर करायची. (९१४ हे नाव ९ बाय १४ इंच कागदावरून. फ्यूझरमध्ये कागद अडकून पेटायचा, म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं दिलेलं असायचं.) तारेचे तोटे तीन: ओझोन, तारेवर बसणारी धूळ आणि ड्रमला चिकटून बसणारा कागद. म्हणून पुढे रबरी फोमचा रोलर आला. तो कागद ड्रमवर दाबतोही आणि भारही देतो. ओझोन घटला, पण नवं दुखणं आलं, कारण त्या फोमचा विद्युतरोध हवेतल्या ओलाव्याने बदलतो. त्यावरही उपाय निघाला. अनेक मशीन काम सुरू होण्याआधी रोलर रिकामा फिरवून करंट मोजतात आणि त्यावरून त्या दिवसाचं व्होल्टेज ठरवतात. सकाळी मशीन उगाच घरघरल्यासारखं वाटतं, त्यातला काही वेळ याच मोजणीचा असतो.

रंगीत छपाईत कागद चार ड्रमांखालून गेला तर कागदाचे नखरे चारदा सोसावे लागतात. त्यावर तोडगा म्हणून मधला बेल्ट. बेल्टचा विद्युतरोध कारखान्यात ठरवून दिलेला असतो, त्यामुळे पहिली चारही ट्रान्सफर कागदाला न विचारता होतात. कागद फक्त एकदाच मध्ये येतो. तुमचा सगळा त्रास त्या एका जागेवर गोळा झालाय, आणि आर्ट पेपरवर चांगलं निघण्याचं कारणही हेच.

तिथे कागद हा नुसता कागद नसतो, सर्किटमधला एक भाग असतो. कोरडा आणि सादळलेला कागद यांच्या विद्युतरोधात हजारपटीहून जास्त फरक पडतो. सादळलेल्या कागदाच्या पाठीवर दिलेला भार तिथे टिकत नाही. तो आडवा पसरतो आणि अर्थिंग केलेल्या पत्र्यांतून, रोलरांतून निघून जातो. मग टोनरला ओढायला उरतं काय? आता दुसरी बाजू घ्या. तो ताव नुकताच फ्यूझरमधून निघालाय, म्हणजे भाजून कोरडा झालाय. त्याचा रोध एकदम वाढला. निम्मं-अधिक व्होल्टेज कागदातच खर्च होतं, आणि बेल्टपासून सुटताना हवेत ठिणगीवजा डिस्चार्ज होऊन ढग उमटतात. पहिल्या बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला करपलेला, आणि सेटिंग मात्र दोघांना एकच.

आता लिनन. विणीचा उंचवटा बेल्टला टेकतो, खाच टेकत नाही, मध्ये हवा राहते. ती हवा किती व्होल्ट सहन करेल याला मर्यादा आहे, पाशेनचा नियम म्हणतात तो. आपल्या कामापुरतं सूत्र असं: ८ मायक्रॉनच्या पुढच्या फटीला साधारण ३१२ अधिक फटीच्या मायक्रॉनची ६.२ पट, इतके व्होल्ट. १० मायक्रॉनच्या फटीला ३७४ व्होल्ट, म्हणजे मायक्रॉनमागे ३७. ३० मायक्रॉनला ४९८, म्हणजे मायक्रॉनमागे जेमतेम १६ ते १७. खाच जितकी खोल तितकी ओढ कमी, आणि व्होल्टेज वाढवलं तर ओढ वाढण्याआधी हवाच फुटते. फुटली की टोनरचा भार उलटतो आणि तो बेल्टवरच बसून राहतो. म्हणून नुसतं व्होल्टेज वाढवून टेक्स्चर भरत नाही, हे लक्षात ठेवा.

शोध लागलेत ते नेमके इथेच. काही मशीनमध्ये बेल्टवर मऊ रबराचा थर असतो, तो खाचेत थोडा शिरतो. काहींत डीसीवर एसी (खोलीतला नव्हे, दिशा बदलत राहणारी वीज) चढवतात, त्यामुळे पूड खाचेच्या तोंडाशी पुढेमागे नाचते, सैल होते आणि हळूहळू तळाशी बसते. झेरॉक्सच्या पेटंटांत टोनर वाहून नेणाऱ्या बेल्टला मागून अल्ट्रासॉनिक कंपनं देऊन पकड सैल करण्याची कल्पना आहे. टोनरच्या कणांवर सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी असते, तिचं एक काम तेच: कण आणि पृष्ठभाग यांच्यात खडीसारखी राहून चिकटण्याची जागा कमी करायची. १९९३ च्या इंडिगो ई-प्रिंट १००० ने तर वेगळाच रस्ता धरला. द्रवात कालवलेली शाई तापवलेल्या ब्लँकेटवर मऊ करून दाबून चिकटवायची. एका अर्थी पुन्हा कार्लसनच्या मेणकागदाकडेच.

स्वतः खोदायचं असेल तर गूगल पेटंट्सवर जी०३जी १५/१६ हा वर्ग टाका. टोनर ट्रान्सफरचं सगळं तिथे आहे. वकिली दावे सोडा, नुसती आकृती आणि "आधीच्या पद्धतीतल्या अडचणी" हा भाग वाचा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कधीच न लिहिलेली कारणं तिथे मिळतात.

---

कागदगड्डी

वरचं सगळं मान्य. पण मुळात कागद सादळलाय की नाही हे अंदाजाने ठरवू नका, वजन करा.

एसआरए३ म्हणजे ३२० बाय ४५० मिमी, ०.१४४ चौरस मीटर. २५० जीएसएमचा एक ताव ३६ ग्रॅम, दहा ताव ३६०. सीलबंद पाकिटातले दहा ताव फोडल्याफोडल्या एक ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला चालतो. मग तेच दहा ताव सुटे पसरून रात्रभर खोलीत ठेवा आणि सकाळी पुन्हा तोला. तेच ताव हवेत, दुसरे घेऊ नका. एकाच लॉटमधल्या तावांतसुद्धा ग्रामेजचा (जीएसएमचा) थोडा फरक असतो आणि त्यात तुमचं मोजमाप बुडून जातं.

गठ्ठ्याच्या कडाही बघा. कडा लाटांसारख्या झाल्या असतील तर कडेने ओल शिरलीय. कडा ताणून मधला भाग फुगला असेल तर कडा सुकल्यात.

साठवणीसाठी: लोखंडी कपाट, तळाला ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, कागद त्यापासून किमान फूटभर वर जाळीच्या फळीवर, दार बंद. हवा २६ अंशांवरून ३२ वर गेली की ८४-८५ टक्क्यांची आर्द्रता ६० च्या आसपास येते. ओलावा तेवढाच राहतो, गरम हवेची धारणा वाढते एवढंच. एलईडी बल्ब लावू नका, त्याची ऊब पुरत नाही.

---

मेगाओहम

बल्बबद्दल थोडा वाद घालतो. सादळलेला कागद सुकवायला ते कपाट चालत नाही. २५० जीएसएमच्या घट्ट गठ्ठ्यात मधल्या तावापर्यंत फरक पोचायला दिवस लागतात. तोवर कडा सुकून आक्रसतात आणि मधला भाग तसाच ओला. मग एकाच तावावर कडेला एक रंग आणि मध्ये दुसरा. वर कागद वाकतो आणि दोन-दोन ताव एकदम आत जातात. कपाट हे सीलबंद पाकिटं आणि आज लागणारा कागद कोरडाच ठेवण्यासाठी. एकदा सादळलेला गठ्ठा त्यात कोंबून सकाळी छापायला घेतलात तर निकाल आणखी वाईट येईल.

आणि बल्ब सोडून जाऊ नका. आत थर्मामीटर ठेवा, ३५ च्या वर नको.

---

कागदगड्डी

सुकवण्यासाठी नाही, हे बरोबर. लिहायला हवं होतं. सादळलेले ताव सोडवायचे असतील तर पंचवीस-पंचवीसच्या चवडी फडफडवून एसीच्या खोलीत आडव्याउभ्या रचाव्या लागतात. महागाचा कागद असेल तरच ती मेहनत परवडते.

---

शनिवारपेठ_प्रेस

तपासण्या झाल्या.

दहा ताव: पाकिटातून ३६१ ग्रॅम, रात्रभर उघडे राहून ३७५. म्हणजे १४ ग्रॅम पाणी प्यायले.

चारही रंगांचे पट्टे लिननवर सारखेच फुटतात. मशीन मध्येच थांबवलं तर रोलरच्या अलीकडे बेल्टवर मरून एकदम भरीव, पलीकडे लिननची जाळी लख्ख. ड्रमची ऑर्डर थांबवली आहे.

एसी सकाळी आठपासून लावून, ताजं पाकीट फोडून लगेच छापलं. पहिली बाजू बरीच सुधारली, मरूनचा रवाळपणा गेला. दुसऱ्या बाजूचे ढग अजून आहेत. भगव्यातले विणीचे ठिपके कमी झाले, गेले नाहीत. कागदाची जाडी सेटिंगमध्ये ३०० ठेवली होती, ती चूक का? आणि ट्रान्सफर रोलर मल्टीमीटरने मोजता येतो का?

---

मेगाओहम

३६१ मध्ये साधारण ५ टक्के पाणी धरलं तर ३७५ वर ते साडेआठच्या घरात गेलं. एवढं पुरेसं आहे.

मल्टीमीटर नको. या रोलरांचा रोध १०^७ ते १०^९ ओहमच्या टापूत असतो आणि साधा मीटर ४०-५० मेगाओहमच्या पुढे ओएल (मापाबाहेर) दाखवून मोकळा होतो. वर त्याची चाचणी काही व्होल्टांवर चालते, रोलर काम करतो हजार-दोन हजारांवर. मोजायचंच तर रोलर बाहेर काढून त्याला अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळून फॉइल ते दांडा असं ५०० व्होल्ट मेगरने (मोठा रोध मोजणाऱ्या मीटरने) मोजा. एकट्या आकड्याला अर्थ नाही, नव्या रोलरशी तुलना केली तरच आहे. आधी फोमवर चकाकी, टोनरची पुटं किंवा एका टोकाला बसका भाग आहे का ते डोळ्यांनीच बघा.

जाडी ३०० ठेवल्याने ट्रान्सफरचं व्होल्टेजही बदलतं आणि फ्यूझरचं तापमान आणि वेगही. म्हणजे पहिल्या बाजूला कागद गरजेपेक्षा जास्त भाजतो आणि तोच दुसऱ्या बाजूला त्रास देतो. २५० चाच टप्पा निवडा, मग ट्रान्सफर वेगळं जुळवा.

जुळवणी अशी. एका तावावर तीन पट्टे: मरून, भगवा आणि ३० टक्के मॅजेंटाचा हलका पट्टा. हलका पट्टा विसरू नका. कमी पडलं तर जाड थराचा रंग आधी बोंब मारतो, जास्त झालं तर हलक्या रंगात आधी ठिपके येतात. सेकंडरी ट्रान्सफरचं मूल्य एकेक घर वाढवत दरवेळी दोन ताव काढा आणि पहिला सोडून दुसरा बघा. हलक्या पट्ट्यात पांढरे टिंब दिसू लागले की दोन घरं मागे या. तो तुमचा आकडा. पहिल्या आणि दुसऱ्या बाजूचं मूल्य बहुतेक मशीनमध्ये वेगवेगळं देता येतं. दुसऱ्या बाजूची जुळवणी पहिली बाजू खरोखर छापून, पाच-दहा मिनिटांनी करा, कोऱ्या तावावर नाही.

---

कोरोनावायर

आणि पहिली बाजू छापून झाल्यावर गठ्ठा लगेच उलटवून घालू नका. अर्धा तास एसीतच पडू द्या, करपलेला कागद थोडा माणसात येतो. रात्रभर मात्र ठेवू नका. एसी बंद झाला की तोच गठ्ठा पुन्हा सादळायला लागतो.

भगव्याच्या ठिपक्यांचं सांगायचं तर जुळवणीनंतरही थोडे राहतील. रबरी थराचा बेल्ट किंवा डीसीवर एसी चढवणारं ट्रान्सफर नसलेल्या मशीनवर खोल लिनन पूर्ण भरत नाही. बोटाने घासून खात्री करा. खाचेत पांढरा कागदच दिसत असेल तर ट्रान्सफर. पूड बोटाला येत असेल तर टोनर पोचलाय, पण फ्यूझरची ऊब खाचेत पोचत नाही. दोन्हींवर उपाय वेगळे.

---

कागदगड्डी

मंडळाला लिनन हाताला जाणवायला हवं असेल, तर गुळगुळीत २५० आर्ट कार्डावर छापा आणि वरून लिनन पोताचं थर्मल लॅमिनेशन करून घ्या. रंग भरीव राहतो. छापल्यावर एक दिवस थांबून मगच लॅमिनेशनला द्या, आणि आधी दोनच ताव करून दुसऱ्या दिवशी कोपरा नखाने उचकटून बघा. मरूनसारख्या जाड थरावरून फिल्म आधी सुटते. घडी येते त्या जागी मरून असेल तर क्रीझिंग (घडीची रेघ दाबणं) लॅमिनेशननंतर करा, आधी केलंत तर घडीवर टोनर तडकून पांढरी रेघ दिसेल.

---

शनिवारपेठ_प्रेस

जाडी २५० केली, दुसऱ्या बाजूचं मूल्य तीन घरं वर नेलं, मध्ये अर्धा तास थांबलो. ढग गेले. भगव्यातले ठिपके हातभर अंतरावरून दिसत नाहीत, जवळून दिसतात. दोन मंडळांना दोन्ही नमुने दाखवतो, लिनन आणि लॅमिनेशन. उरलेले ताव मूळ वेष्टणात गुंडाळून टेप मारून कपाटात ठेवलेत. बल्ब सध्या दिवसाच लावतो.

---

मेगाओहम

वेष्टणाची आतली बाजू प्लास्टिकच्या अस्तराची आहे का बघा. नुसता तपकिरी कागद असेल तर टेप मारूनही ओल शिरते. तसं असेल तर आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मग गुंडाळा. आणि पाकिटावर फोडल्याची तारीख लिहा.